संदर्भासह स्पष्टीकरण

मॅट्रिकच्या इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न हटकून असायचा. कवितेतल्या दोन-चार ओळी छापलेल्या असत आणि वर हुकूम असे : संदर्भासह स्पष्टीकरण करा. उत्तराची चौकट ठरलेली होती. पहिल्या वाक्यात कवीचे आणि कवितेचे नाव. दुसऱ्यात या ओळी कोणत्या प्रसंगी आल्या ते. मग ओळींचा अर्थ सोप्या इंग्रजीत. शेवटी अलंकार असेल तर त्याचे नाव. इतके लिहिले की गुण पदरात पडत. कविता आवडली का, समजली का, याची चौकशी कोणी करीत नसे.

आमच्या घरात हा प्रश्न तीन पिढ्यांनी सोडवला. आजोबांनी तो मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला सोडवला. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. वडिलांनी एस.एस.सी.ला सोडवला, तेव्हा मुंबई राज्य होते. आम्ही पी.यू.सी.ला बसलो तोवर १९५६ ची राज्य पुनर्रचना होऊन गेली होती आणि म्हैसूर राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले होते. इलाखा गेला, राज्य बदलले, परीक्षा घेणारे मंडळ बदलले. घराचा उंबरठा तोच राहिला, आणि प्रश्नही तोच राहिला.

पण खुद्द या प्रश्नाचे संदर्भासह स्पष्टीकरण आपण कधी केले नाही. मराठी आणि कन्नड घरांतली मुले, ज्यांनी इंग्लंडचा वसंत कधी पाहिला नाही, ती वर्गात बसून त्या वसंतावरच्या कवितेचा अर्थ का लावू लागली? ही रीत कोणी घातली आणि तिच्यातून काय निपजले? या तासाने आपल्याला नोकऱ्या दिल्या हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच तासाने आपल्या दोन्ही भाषांना नवी कविता मिळाली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आणि ती कविता परीक्षेच्या उत्तरातून आलेली नाही. त्या चौकटीबाहेर जे सांडले त्यातून आलेली आहे. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

आधी इथे, मग तिथे

मेकॉलेचे टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे. त्यावर गव्हर्नर जनरल बेंटिंक याने मार्च महिन्यात ठराव केला आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि १८५७ साली, उठावाच्याच वर्षी, मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. सिंधपासून धारवाडपर्यंतच्या मुलांना पुढे नव्वद वर्षे हाच दरवाजा ओलांडावा लागला.

या हकिकतीत एक गंमत आहे. इंग्रजी काव्य हा परीक्षेचा विषय म्हणून आपल्याकडे रुळला, तेव्हा खुद्द इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत त्याला स्थान नव्हते. तिथे लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. आपल्या मातृभाषेतली कविता काय शिकवायची, ती तर कोणीही घरी वाचील, अशी समजूत होती. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला, केंब्रिजमध्ये १९१७ साली. आणि कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातल्या मुलांसाठी डी. एल. रिचर्डसन यांनी इंग्रजी कवींच्या वेच्यांचा जाडजूड ग्रंथ १८४० सालीच छापून काढला होता. म्हणजे केंब्रिजच्या पोरांच्या पाऊणशे वर्षे आधी कलकत्त्याची पोरे इंग्रजी कवितांचे अर्थ परीक्षेत लिहीत होती. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा सगळा इतिहास मांडला आहे. उघड धर्मप्रसार करणे राज्यकर्त्यांना अडचणीचे होते, तेव्हा नीतीचे धडे साहित्यातून द्यावेत असा त्यामागचा हिशेब होता, असे त्या दाखवतात.

परीक्षेला जोड मिळाली ती नोकरीची. १८५५ पासून सनदी नोकरीच्या जागा स्पर्धा परीक्षेने भरू लागले आणि तीत इंग्रजी भाषा-साहित्याला भरघोस गुण ठेवले गेले. तिथवर पोहोचणारे थोडे. पण मॅट्रिक झाला तर कचेरीत कारकून, शाळेत मास्तर, कोर्टात नाझर होता येते, हे गावोगाव कळले. कविता समजली म्हणून कोणाला नोकरी लागली नसेल, पण कवितेचा अर्थ लिहिता आला नाही म्हणून पुष्कळांची हुकली असेल. ‘वाघिणीचे दूध’ म्हणून ज्याचा गौरव झाला ते आमच्या बापजाद्यांनी बहुधा परीक्षेच्या वाटीतूनच प्यायले.

दोन संग्रह

वर्गात वाचायचे काय? इथे दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ साली निघाले. मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत आदी जुन्या मराठी कवींचे वेचे, कठीण शब्दांचे अर्थ, असा हा संग्रह. मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. इंग्लंडात फ्रान्सिस पालग्रेव्ह यांची ‘गोल्डन ट्रेझरी’ निघाली ती १८६१ साली, म्हणजे ‘नवनीता’नंतर सात वर्षांनी. पालग्रेव्ह शिक्षणखात्यातले अधिकारी, टेनिसनचे स्नेही. हयात कवींना त्यांनी संग्रहात घेतले नाही. चार भाग पाडले आणि सर्वांत अधिक कविता वर्डस्वर्थच्या घेतल्या. डन आणि ब्लेक या आज थोर मानल्या जाणाऱ्या कवींची एकही कविता पहिल्या आवृत्तीत नव्हती. इंग्रजी कविता म्हणजे छोटी, गोड, निसर्ग आणि विरह यांची भावकविता, अशी जी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ राहिली तिचे एक मूळ या निवडीत आहे. एका माणसाची आवड समुद्र ओलांडून आली आणि आपल्याला ती साऱ्या इंग्रजी काव्याची ओळख वाटली.

शिकवण्याची पद्धत दुहेरी होती. लॅटिन शिकवताना इंग्लंडात जे करीत तेच इंग्रजी कवितेला लागू केले : प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालवायचे, ओळ गद्यात उतरवायची. आपल्याकडच्या शास्त्र्यांना यात नवे काही नव्हते. मल्लिनाथाची टीका ज्याने अभ्यासली त्याला पदच्छेद, अन्वय, समासविग्रह, अलंकार ही पायरी-पायरीची चढण पाठच होती. इंग्रजी कविता समोर आली तेव्हा आपल्या मास्तरांनी तिचा आधी अन्वय लावला, मग अर्थ सांगितला, मग उपमा-उत्प्रेक्षा दाखवल्या. साहेबाने लॅटिनची फूटपट्टी आणली, आपण संस्कृतची. दोन्हींची लांबी जवळजवळ सारखीच निघाली. ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ हा प्रश्न आपल्या मातीत इतका घट्ट रुजला त्याचे कारण माझ्या मते हे आहे.

परंतु संस्कृत परंपरेतली याच्या पुढची पायरी मात्र वर्गात आली नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकातच सांगून ठेवले होते की, शब्दांचा सरळ अर्थ हा कवितेचा आत्मा नव्हे. जे सूचित होते ते खरे. त्याच नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारी ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधला काव्यशास्त्राचा आद्य उपलब्ध ग्रंथ झाला. कवितेचा विचार करण्याची अशी हजार वर्षांची शिदोरी दोन्ही घरांत होती. इंग्रजीच्या तासाला ती कोणी सोडली नाही. सूचित अर्थाला गुण कसे द्यायचे, हा परीक्षकापुढचा पेच होता. म्हणून त्याने वाच्यार्थालाच गुण दिले.

शिकवणारे सगळेच कोरडे होते असे नाही. पुण्याच्या सरकारी कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे, प्राचार्य १८५७ च्या सुमारास एडविन अर्नोल्ड होते. बुद्धचरित्रावरचे ‘लाइट ऑफ एशिया’ हे काव्य त्यांनी मायदेशी परतल्यावर १८७९ साली प्रसिद्ध केले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या एका प्राचार्यांचे नावच विल्यम वर्डस्वर्थ होते, आणि ते कवी वर्डस्वर्थचे सख्खे नातू होते. आजोबांची कविता नातवाच्या तोंडून ऐकण्याचा योग केंब्रिजच्या नव्हे, मुंबईच्या विद्यार्थ्यांना आला.

चौकटीबाहेर सांडलेले

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, यांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. जन्म १८६६, मालगुंडचा. शिक्षणाची फरपट झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलातून ते मॅट्रिक झाले तेव्हा साल होते १८८९, आणि वय तेवीस. कॉलेजची पायरी ते चढले नाहीत. म्हणजे ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो त्यांच्याजवळ इंग्रजी कवितेचे जे शाळेतले भांडवल होते ते फक्त हायस्कूलच्या वरच्या वर्गातले. बाकीचे स्वतः मिळवून वाचलेले.

पण या शिदोरीचे त्यांनी काय केले पाहा. वर्गात इंग्रजी सॉनेटच्या चौदा ओळी मोजून दाखवीत, यमकांची जुळणी फळ्यावर लिहून देत आणि पुढच्या कवितेकडे वळत. केशवसुतांनी तो आराखडा उचलून मराठीत आणला. १८९२ सालची त्यांची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही रचना मराठीतले पहिले सॉनेट मानली जाते. पुढे १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने या प्रकाराला ‘सुनीत’ हे गोड नाव दिले. इंग्रजी कवींच्या काही कविता केशवसुतांनी मराठीत आणल्या. परीक्षेने ज्याला ‘अर्थ लिहा’ म्हटले होते, त्याचे त्यांनी मराठी कवितेत उत्तर दिले. सर्वसामान्य माणसाचे दुःख हा कवितेचा विषय होऊ शकतो, कवीने ‘मी’ म्हणून बोलायला हरकत नाही, या गोष्टी त्यांना त्या परक्या कवितांत दिसल्या आणि त्यांनी त्या आपल्या केल्या.

याच केशवसुतांची अखेर आपल्या भागात झाली. खानदेशातली मास्तरकी करून ते १९०४ साली धारवाडच्या सरकारी हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून आले. नोव्हेंबर १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. वय अवघे एकोणचाळीस. हयातीत त्यांचा संग्रहसुद्धा निघाला नाही. हरि नारायण आपटे यांनी तो १९१७ साली काढला. मराठी कवितेला नवे वळण देणाऱ्या कवीने शेवटचा तास घेतला तो कानडी मुलखात, हे आपण सीमेवरच्या लोकांनी तरी विसरू नये.

आता नकाशा समोर ठेवून आणखी काही नावे पाहा. भा. रा. तांबे : जन्म ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा, हयात देवास-ग्वाल्हेरकडे, भोवती हिंदी. टेनिसन आणि ब्राउनिंग हे त्यांच्या वाचनातले कवी. ब्राउनिंगच्या धर्तीवर एकाच पात्राच्या तोंडून प्रसंग उभा करणारे ‘नाट्यगीत’ त्यांनी मराठीत रुजवले. माधव जूलियन : जन्म बडोद्याचा, शिकवीत फार्सी, वाचीत इंग्रजी, लिहीत मराठी, ‘छंदोरचना’ हा मराठी छंदांचा सर्वांत कसून केलेला अभ्यास त्यांच्याच हातचा. बा. भ. बोरकर : गोव्यातल्या बोरीचे, घरी कोकणी, राज्य पोर्तुगीजांचे, १९२८ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक दिली आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात दाखल झाले, पण पैशाअभावी परतावे लागले.

ग्वाल्हेर, बडोदा, गोवा. मराठीचा गड पुणे-मुंबई, हे मान्य. पण वेगळ्या भाषांच्या शेजारात राहणाऱ्यांनी मराठी कवितेला जे दिले ते त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे आहे. माझा तर्क असा : एकभाषी मुलाला इंग्रजी कवितेचा अर्थ लावणे ही नवी कसरत असते, दुभाषी घरातल्या मुलाला ती रोजची सवय असते. बाजारात एक बोली, देवघरात दुसरी, कचेरीत तिसरी. एका भाषेतली गोष्ट दुसरीत नेताना काय गळते आणि काय उरते, हे त्याला न शिकवता कळते. कवितेचे विश्लेषण म्हणजे तरी दुसरे काय?

शेजारच्या ओट्यावर

हीच गोष्ट पलीकडच्या ओट्यावरही घडत होती, आणि ती आपल्याला पुरेशी माहीत नसते. म्हैसूरचे इंग्रजीचे प्राध्यापक बी. एम. श्रीकंठय्य यांनी निवडक इंग्रजी कविता कन्नडमध्ये आणल्या. ‘इंग्लिष गीतेगळु’ हा तो संग्रह १९२६ चा. त्यातल्या पुष्कळ मूळ कविता ‘गोल्डन ट्रेझरी’त सापडतात. कन्नड नवोदय कवितेची पहाट या छोट्या पुस्तकापासून मोजतात. म्हणजे एकाच इंग्रजी पुस्तकाची पाने इकडे मराठीत आणि तिकडे कन्नडमध्ये, दोन निरनिराळ्या अंगणांत उगवली.

धारवाडचे द. रा. बेंद्रे १८९६ चे. घरची भाषा मराठी. १९१८ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाले. कविता मात्र धारवाडच्या कन्नड बोलीत लिहिली, ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने, आणि कन्नडचे वरकवी ठरले. पुढे सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी बारा वर्षे अध्यापन केले. त्यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले. वि. कृ. गोकाक : कन्नड कवी, ऑक्सफर्डला इंग्रजीत पहिला वर्ग, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते प्राचार्य होते, तेव्हा शिकली ती मराठी मुले. १९९० चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. आणि आपले जी. ए. कुलकर्णी, शिक्षण बेळगावचे, आयुष्याचा मोठा काळ धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. त्यांनी कविता लिहिल्या नाहीत, पण त्यांची कथा वाचताना वाक्यावाक्यात प्रतिमा तोलणारा इंग्रजी कवितेचा जाणता वाचक दिसत राहतो.

मराठी घरातला मुलगा कन्नडचा महाकवी होतो. कन्नड कवी मराठी मुलांना शेली-कीट्स शिकवतो. १९५६ नंतर आपल्याकडे जे झाले, त्याची जखम प्रत्येक घराला ठाऊक आहे; महाजन आयोगाचा अहवाल, मोर्चे, पाट्या, गोळीबार यांची उजळणी इथे नको. परंतु या झगड्यात एक खोली अशी होती, जिथे दोन्हीकडची मुले एका बाकावर बसत आणि जिथे कोणाचीच भाषा यजमान नव्हती, तर दोघेही पाहुणे होते. ती खोली इंग्रजीच्या तासाची.

केंब्रिजमधला प्रयोग

दरम्यान इंग्लंडात या विषयाने कूस बदलली होती. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्‌स या प्राध्यापकांनी एक प्रयोग केला. तेरा कविता निवडल्या, कवींची नावे काढून टाकली, आणि विद्यार्थ्यांना सांगितले की आठवडाभर वाचा आणि काय वाटते ते लिहून द्या. ते विद्यार्थी म्हणजे त्या देशातली निवडक मुले, मातृभाषा इंग्रजी. निकाल चकित करणारा आला. नामवंत कवींच्या कवितांना पुष्कळांनी नावे ठेवली, दुय्यम पद्याची तारीफ केली, काहींना सरळ वाच्यार्थसुद्धा लागला नव्हता. रिचर्ड्‌स यांनी १९२९ साली हे सारे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडले आणि वाचक कुठे कुठे घसरतो याची दहा कारणे दिली. आधीच तयार असलेली भावना कवितेवर चिकटवणे, हे त्यातले एक मोठे.

आपल्यासारख्यांना या निकालात मोठा दिलासा आहे. इंग्रजी कविता आपल्याला कळत नाही याची लाज बाळगत आपल्या पिढ्या गेल्या. ती त्यांनाही कळत नव्हती! कविता समजणे हे जन्माने मिळत नाही. ते हळू वाचण्याने येते.

पुढे अमेरिकेत क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९३८ साली कॉलेजच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक केले; शब्द, प्रतिमा, स्वर, विरोध यांवर बोट ठेवून कविता कशी वाचावी ते शिकवले. ब्रुक्स यांनी १९४७ मध्ये तर कवितेचे गद्य करून तेच तिचा अर्थ समजणे याला पाखंड म्हटले. गंमत अशी की, आपल्या परीक्षा मंडळांना हे पाखंड मान्य होते. नव्हे, त्यावरच गुण होते. इंग्रजीचे अध्यापन केलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी लंडनमध्ये १९३७ साली सौंदर्यशास्त्रावर इंग्रजीत पुस्तक काढले आणि १९४७ सालच्या ‘काही कविता’तून मराठी कविता पुन्हा एकदा उलटीपालटी केली. विंदा करंदीकरही इंग्रजीचेच प्राध्यापक. वर्गाबाहेर नवी समीक्षा नवी कविता घडवीत होती. वर्गात चार वाक्यांची चौकट चालूच होती.

कारळ्याचे शेत

आमच्या पी.यू.सी.च्या वर्गात वर्डस्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता होती. शिकवणारे सर कानडी घरातले. मराठी आमच्याइतकेच सफाईने बोलत. डॅफोडिल म्हणजे काय, हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हते. शब्दकोशात लिहिले होते : एक पिवळे फूल. सर खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “दसऱ्याच्या आधी चंदगडच्या वाटेवर कारळ्याची शेते फुललेली पाहिली आहेत ना?” मग कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांकडे वळून म्हणाले, “गुरेळ्ळु.” सगळा वर्ग हसला, कारण चटणीचा वास आला. आणि मग एकदम सगळ्यांना दिसले. पिवळे, अफाट, वाऱ्यावर एकसारखे वाकणारे. सर म्हणाले, “आता डोळे मिटा. घरी गेल्यावर हेच दिसले, तर कविता समजली.”

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या पुस्तकात नव्हती. कवितेत कवी एकटाच हिंडत असतो. प्रत्यक्षात १८०२ च्या एप्रिलमध्ये अल्सवॉटर तळ्याकाठी त्याच्याबरोबर त्याची बहीण डोरोथी होती, आणि त्या दिवसाचे वर्णन तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले होते. कविता झाली ती दोन वर्षांनी. “मग बहीण गेली कुठे?” सरांनी विचारले. तास संपला तरी आम्ही भांडत होतो. कोणी म्हणाले, खोटे लिहिले. कोणी म्हणाले, आठवणीत माणूस एकटाच असतो. आज वाटते, आम्ही कवितेचे खरे विश्लेषण केले ते तेवढ्या वीस मिनिटांत. संदर्भ होता तो हा. स्पष्टीकरण होते ते हे.

पुढच्या चाचणीत आमच्यातल्या एकाने उत्तरात कारळ्याचे शेत लिहिले. उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकाकडे गेली होती. त्यावर लाल रेघ आली आणि शेरा आला : कवितेत नाही. गुण कापले. तो मुलगा सरांकडे गेला. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “परीक्षेत गाईडमधले लिही बाळ. पण शेत विसरू नकोस.”

त्या वाक्यात आपल्या दीडशे वर्षांच्या शिक्षणाची सगळी कहाणी आहे असे मला वाटते. चांगला मास्तर परकी कविता आपल्या शेतात आणून लावत होता, आणि परीक्षा ते रोप उपटून मागत होती. ज्यांनी शेत विसरले नाही त्यांच्यापैकी थोडे कवी झाले. बाकीचे निदान वाचक तरी झाले. आणि ज्यांनी फक्त गाईड पाठ केले ते पास झाले.

परीक्षकाची बाजूही मांडली पाहिजे. शेकडो उत्तरपत्रिका समोर असताना प्रत्येक मुलाचे शेत तपासणे त्याला शक्य नव्हते. कवितेत नसलेले तिच्यावर चिकटवू नये, हे तर रिचर्ड्‌सही सांगत होते. फरक इतकाच की, त्या मुलाने भावना चिकटवली नव्हती. त्याने न पाहिलेले फूल पाहिलेल्या फुलाच्या आधाराने पाहिले होते. हा फरक ओळखायला तपासनिसाला शेत ठाऊक असावे लागते.

आज चित्र पालटले आहे. पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीवर अरुण कोलटकरांनी इंग्रजीत लिहिलेला ‘जेजुरी’ हा संग्रह १९७६ साली आला, १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले, आणि आता इंग्रजीच्या वर्गांत त्यातल्या कविता विश्लेषणासाठी असतात. कोल्हापुरात जन्मलेल्या या कवीने मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारख्याच ताकदीने लिहिले. दिलीप चित्रे, जन्म बडोद्याचा, यांनी तुकोबा इंग्रजीत नेले; ते पुस्तक १९९१ चे. म्हणजे आता इंग्रजीच्या तासाला डॅफोडिलच नव्हे तर भंडाराही समोर येतो. मात्र भंडारा ठाऊक असलेले मूल त्या वर्गात पहिल्या बाकावर बसले आहे का, हा खरा प्रश्न आहे. आपली मुले इंग्रजी माध्यमात गेली. घरी मराठी बोलतात, वाचत नाहीत. शेजारी कन्नड ऐकतात, लिहितात ती शाळेपुरती. कवितेचा सारांश मोबाईलवर क्षणात मिळतो. गाईड निदान विकत तरी घ्यावे लागे.

मला यात कोणाला दोष द्यायचा नाही. पण तीन भाषा कानावर पडणाऱ्या मुलाजवळ जी देणगी आहे ती एकाच भाषेत वाढणाऱ्या मुलाजवळ नसते, आणि आपण ती ओझे समजून वाहतो. इंग्रजी कवितेला आपण दीडशे वर्षे जो प्रश्न विचारत आलो, तो आपण केशवसुतांना किती वेळा विचारला? बेंद्र्यांना विचारावा इतके कन्नड आपल्यापैकी कितीजणांनी मनापासून शिकून घेतले? संध्याकाळी मूल इंग्रजीची कविता घेऊन बसते, तेव्हा ‘पाठ झाली का’ एवढेच विचारून आपण उठतो. त्याऐवजी ‘हे मराठीत कसे म्हणशील? आणि शेजारच्या अक्कांना कन्नडमध्ये कसे सांगशील?’ असे विचारून पाहावे. पहिल्यांदा ते अडखळेल. अडखळेल तिथेच कविता असते.

परवा दसऱ्याआधी चंदगडच्या वाटेने जाणे झाले. उसाने बरीच जमीन व्यापली आहे, तरी एका उतारावर कारळे फुलले होते. बरोबर नातू होता, बारावीचा. त्याला म्हटले, “हे बघ, डॅफोडिल्स.” तो हसला आणि म्हणाला, “आजोबा, ही कारळ्याची फुलं.”

त्याला फूल ओळखता आले, एवढ्यानेही मला बरे वाटले. बाकीचे घरी आल्यावर बोलू म्हटले.